परळची प्रयोगशाळा आणि गर्भारणीचे ताट

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर हे करमाळा तालुक्याचे स्थानक आहे. दिक्सळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा टप्पा १८५९ साली सुरू झाला. तेव्हापासून पाऊस रुसला की या मुलखातील माणूस याच रुळांवरून मुंबईच्या किंवा सोलापूरच्या गिरण्यांकडे निघालेला आहे. आता त्याच फलाटावर दप्तर खांद्याला लावलेल्या मुलीही दिसतात. त्यांच्यातील एखादीला रसायनशास्त्राची किंवा जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढे संशोधनात शिरावयाचे असते, आणि तेही गर्भारपण, बाळंतपण, आईच्या पोटातील बाळाचे पोषण अशा विषयात. कारण घरात, भावकीत, वस्तीवर तिने जे पाहिलेले असते ते तिला स्वस्थ बसू देत नाही. अशी मुलगी हटकून विचारते की या वाटेने आपल्यापूर्वी कोण गेले?

या प्रश्नाला आपण सवयीने एकच नाव सांगतो, आनंदीबाई जोशी. ते चुकीचे नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ साली एम. डी. झाल्या आणि पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल जन्मल्यावर काही दिवसांतच गमावलेल्या आईने हा विषय का निवडला हे वेगळे सांगावयास नको. परंतु आनंदीबाई पदवीनंतर वर्षभरातच, १८८७ च्या फेब्रुवारीत, वारल्या. त्यांच्या वाटेचा आरंभ दिसतो. पुढचा रस्ता दिसत नाही. तो पाहावयाचा असेल तर दुसऱ्या एका मराठी स्त्रीकडे वळावे लागते. तिची थोरली बहीण मराठी वाचकाला घरच्यासारखी ठाऊक आहे, तिचे स्वतःचे नाव मात्र आपल्याकडे फारसे निघत नाही. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण म्हणजे कमला भागवत, विवाहानंतरच्या डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. त्यामुळे १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पहिल्या क्रमांकाने झाल्यावर आपणही वडिलांच्याच संस्थेत संशोधन करावे असे या मुलीला वाटले तर त्यात नवल नाही. नवल पुढे घडले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी अर्ज फेटाळला, आणि त्याचे कारण एकच होते, अर्जदार स्त्री होती.

ही मुलगी रडत परत फिरली नाही. ती बंगळूरला गेली, संचालकांपुढे उभी राहिली आणि नकाराचे कारण मागू लागली. ते गांधींचे दिवस होते. सत्याग्रह हा शब्द घराघरांत पोहोचला होता. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटी घालून: पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी समजली जाणार नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावे लागेल; आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. शेवटची अट वाचून आज आपल्याला हसू येते. कमलाबाईंना ते हसण्यासारखे कधीच वाटले नाही. साठ वर्षांनंतरही, सत्कारसमारंभात बोलताना, हा अपमान आपण विसरलो नसल्याचे त्या मोकळेपणे सांगत असत. रामन यांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे मी म्हणणार नाही. पण थोर माणसाच्या हातात दाराची किल्ली असली म्हणजे त्याच्या थोरवीइतकाच त्याचा पूर्वग्रहही इतिहास घडवतो, हे आम्हां धर्मसंस्थेतील माणसांना तरी सांगावयास नको.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या मात्र सज्जन निघाले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. येथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली असे मला वाटते. प्रतिष्ठेचे विषय त्या काळी दुसरे होते, तूरडाळीत काय दडले आहे हे पाहणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नसे. वर्ष संपल्यावर रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम. एस्‌सी. पदवी विशेष योग्यतेसह हाती आली. शिष्यवृत्त्या मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. न्यूनम महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. काम करावयाचे होते ते जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेल्या सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात.

तेथे जागेची टंचाई होती. डॉ. डेरेक रिश्टर यांनी दिवसा आपले टेबल या मुलीला वापरावयास दिले. ते दुसरीकडे गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू झाले. बटाट्यावर प्रयोग करता करता कमलाबाईंना दिसून आले की प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचे काम करणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही आहे. प्राणी आणि झाड यांच्या पेशी एकाच रीतीने श्वास घेतात, असा याचा अर्थ. या शोधावर त्यांनी जो प्रबंध लिहिला तो अवघा चाळीस पानांचा होता, आणि केंब्रिजला पाऊल ठेवल्यापासून चौदा महिन्यांत तो पुरा झाला. आजकाल पाचशे पानांचे प्रबंध पाहावयास मिळतात, तेव्हा या चाळीस पानांची आठवण अवश्य ठेवावी.

१९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे त्यांचे वर्णन ठिकठिकाणी वाचावयास मिळते. हे तपासून लिहिले पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डॉक्टरेट दिली होती. 'पहिली' या शब्दाचा आपल्याला इतका मोह का पडावा? कमलाबाईंचे मोठेपण त्या पहिल्या आल्या की दुसऱ्या यावर मुळीच अवलंबून नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. केंब्रिज विद्यापीठ १९२१ पासून स्त्रियांना पदवीचे केवळ नाव देत असे. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना १९४८ साली मिळाले. म्हणजे बंगळूरच्या दारावर जी अट होती तिची चुलत बहीण केंब्रिजच्या दारावरही होतीच, फक्त तिने झगा घातला होता.

येथे थोडे मागे जाऊन त्याच न्यूनम महाविद्यालयाच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीची ओळख करून घेतली पाहिजे. कारण गर्भारणीच्या रक्ताचा शोध आपल्या मुंबईत लागला तो तिच्या हातून.

लूसी विल्स यांचा जन्म १८८८ चा. न्यूनममध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास केला आणि १९११ साली बेताच्या श्रेणीत परीक्षा संपवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा केली, मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळा त्यांना अधिक मानवली. १९२८ साली त्या मुंबईला आल्या. येथे डॉ. मार्गारेट बाल्फर बाळंतपणातील मातामृत्यूंची चौकशी करीत होत्या. त्या चौकशीतील एका प्रश्नाचा छडा लावण्याचे काम विल्सबाईंकडे आले. गरोदर बायका, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, पांढऱ्याफटक पडत, त्यांना सूज येई, धाप लागे, आणि पुष्कळ जणी बाळंतपणात किंवा त्याच्या आसपास दगावत. हा रक्तक्षय नेहमीचा नव्हता. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या दिसत.

विल्सबाईंचे कार्यस्थान परळची हाफकिन संस्था हे होते. ही वास्तू मुळात कॅथलिक संन्याशांचा मठ होती, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती ताब्यात घेतली, पुढे तेथे गव्हर्नर राहू लागला आणि प्लेगच्या साथीनंतर १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली. वास्तूंचेही नशीब असते.

विल्सबाई केवळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या नाहीत. डॉ. तळपदे या मराठी नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली व ती १९३० साली प्रसिद्ध केली. बाल्फर आणि तळपदे यांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीवर वेगळा लेख लिहिला तोही त्याच वर्षीचा. गिरणीतल्या बाईसाठी ती वर्षे दुसऱ्या कारणानेही महत्त्वाची होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. कायदेमंडळात बाळंतिणीच्या रजेचा वाद चालू असताना पलीकडे परळमध्ये तिच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला जात होता. त्या बायकांतील कितीतरी जणी घाटावरच्या आणि कोकणातल्या असतील! त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत.

पाहणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळे, दूध यांचा अभाव होता त्यांनाच हा आजार प्रामुख्याने गाठत होता. गोषात राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त होते. तेव्हा हा जंतूचा नसून ताटाचा रोग असावा असा तर्क निघाला. उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग झाले. त्यांना या बायकांच्या आहारासारखाच आहार देण्यात आला. पंडुरोगाच्या एका प्रकारावर यकृताचा अर्क गुणकारी असतो हे तोवर सिद्ध झालेले होते. पण शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडेना, कच्चा अर्क मात्र पडे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी टाकून दिले जात होते! ते 'काहीतरी' यीस्टच्या अर्कात, म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीच्या टेबलावरील मार्माइट नावाच्या काळ्या चिकट पदार्थात, भरपूर असल्याचे विल्सबाईंना आढळले. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क, स्वस्त, टिकाऊ. तो दिल्यावर बायका थोड्या दिवसांत सुधारू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि त्या अज्ञात द्रव्याला पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले.

दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढले आणि त्याला फोलिक असे नाव दिले. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या माणसाला यातला 'फोलियुम' लगेच ओळखू येतो. फोलियुम म्हणजे पान. विल्स घटकाचे गूढ या पानातच होते. ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करण्याचे काम अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेच्या ज्या चमूने केले त्याचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे १९९१ साली हेही सिद्ध झाले की गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष पुष्कळ अंशी टाळता येतात. आज जेऊरच्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी दिली जाते तिची कुळकथा अशी परळपर्यंत पोहोचते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही, पण जुन्या धर्मग्रामांतील नोंदवह्या हा माझ्यासारख्यांचा इतिहासच असतो. मृत्यूच्या वहीत एखाद्या तरुण स्त्रीचे नाव, आणि त्याच पानावर दोन ओळी खाली तिच्याच तान्ह्याचे नाव, असे कितीदा आढळते! बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मगुरूऐवजी सुईणीने संकटसमयी पाणी घातल्याची नोंद असते. धर्मगुरू पोहोचेपर्यंत मूल टिकणार नाही हे सुईणीला कळत होते, म्हणून तिला हा अधिकार दिलेला होता. मरणाचे कारण लिहिण्याच्या रकान्यात नुसता 'बाळंतपण' हा शब्द असे. विल्सबाईंचे काम वाचल्यापासून हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. त्यातील काही जणींना पालेभाजी हवी होती, एवढेच कदाचित.

कमलाबाई युद्धाच्या तोंडावर भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सांभाळला, आणि मग निलगिरीतील कुन्नूरच्या पोषणसंशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या. लूसी विल्स यांनीही १९२९ च्या उन्हाळ्यात याच कुन्नूरला, मॅकॅरिसन यांच्याकडे, काम केले होते. एकाच महाविद्यालयातून निघालेल्या या दोघी वेगवेगळ्या वेळी एकाच डोंगरावर, एकाच प्रश्नापाशी येऊन थांबलेल्या दिसतात. १९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन कमलाबाई मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती आला. जीवनातील उत्तम वर्षे त्यांनी येथेच दिली. संचालकपद मिळण्यास मात्र त्यांना हक्काच्या वेळेनंतर सुमारे चार वर्षे वाट पाहावी लागली. यावर अधिक काय लिहावे!

येथे त्यांनी विद्यार्थ्यांना जे विषय दिले ते पाहिले की मन प्रसन्न होते. गरिबाच्या घरात जे शिजते तेच तपासावयाचे. वाल आणि डबल बी यांत प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात; ती कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी काढून १९५५ साली 'नेचर'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. अशी द्रव्ये उष्णतेने बहुतांशी निकामी होतात. आमच्याकडच्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवूनच का वाढीत याला एक रासायनिक आधार यातून मिळाला. आजीला रसायनशास्त्र येत नव्हते. तिला पोटदुखी येत होती, आणि ती निरीक्षण करीत होती.

दुसरा विषय नीरेचा. ताड, माड, शिंदी यांच्या रसाला सूर्योदयापूर्वी उतरवून आंबू दिले नाही तर ती नीरा. ऊन चढू दिले तर ताडी. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आल्यावर ताडी काढणाऱ्यांच्या पोटावर पाय आला होता, आणि नीरा व ताडगूळ हा त्यावरचा तोडगा म्हणून पुढे केला जात होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे पृथक्करण हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह उपयुक्त प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले, शिवाय रस आटवून केलेल्या गुळातही त्यांतील काही अंश टिकून राहतो असे दिसले. आदिवासी भागांतील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांना नीरा देऊन पाहिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. केंब्रिजच्या चाळीस पानांपासून निघालेली वाट अशी पाड्यावरच्या गर्भारणीच्या पेल्यापर्यंत आली. विल्सबाईंचे मार्माइट बिअरच्या भट्टीतून आलेले, कमलाबाईंची नीरा ताडीच्या झाडावरून उतरलेली! दारूच्या शेजारी राहूनही माणसाच्या उपयोगी पडता येते म्हणावयाचे.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध काम केले, तिचे अध्यक्षपदही भूषवले. १९९८ च्या जूनमध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता; त्या प्रसंगीच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

जेऊरच्या मुलीला आता परदेशीच गेले पाहिजे असे नाही. परळमध्येच १९७० साली प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आणि १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, मातापोषणाचा जो अभ्यास सुरू झाला त्याकडे तर सबंध जगाचे लक्ष गेले. शेतात राबणाऱ्या, सरासरी बेचाळीस किलो वजनाच्या या बायका. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आत. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी दाखवून दिले की ज्या मातांच्या जेवणात दूध, पालेभाज्या व फळे वारंवार येत त्यांची बाळे भरलेली होती. साठ वर्षांपूर्वी तळपदेबाई चाळीच्या उंबऱ्यावर बसून जे विचारीत होत्या तेच हे.

एक गोष्ट मात्र उलटली होती. या खेड्यांतील मातांत फोलेटची उणीव जवळजवळ नव्हतीच. दोनतृतीयांश मातांमध्ये कमी होते ते ब-१२ हे जीवनसत्त्व, जे दूध-मांसाशिवाय फारसे मिळत नाही. आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांत फोलेट अधिक व ब-१२ कमी होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे सर्वांत जास्त आढळली. म्हणजे विल्सबाईंची गोळी योग्य, पण एकटी पुरेशी नाही. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाहणीत ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९९३ नंतर त्या सहा खेड्यांत जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ साली, संशोधकांनी त्यांच्यावरच पुढचा प्रयोग सुरू केला. लग्न होऊन दिवस जाण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना ब-१२ व इतर पोषकद्रव्ये देण्यात आली, आणि पुढे त्यांच्यापैकी ज्या माता झाल्या त्यांच्या बाळांची नाळेतील रक्तासह तपासणी करण्यात आली.